पाकिटामागची पहिली तीन नावं

मावशींना नमस्कार.

मी चिंचवडला राहते. वय 35, नोकरी आयटीत, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस. मुलगा दुसरीत. घरात आम्ही तिघं आणि सासूबाई. गेल्या दिवाळीनंतर मोबाइलवर पाकिटातल्या खाण्याचे व्हिडिओ बघायला लागले आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. दुकानात एकेक पाकीट उलटं करून आयएनएस 211, 319, 631 असे आकडे शोधत बसते. मागच्या महिन्यात एका रविवारी मांडणी रिकामी केली. बिस्किटं, नूडल्स, सॉस, जॅम, सासूबाईंचे चहाबरोबरचे टोस्ट, सगळं कचऱ्यात. फक्त दुधात घालायची चॉकलेटची पावडर ठेवली, कारण तिच्यात जीवनसत्त्वं आहेत. फरसाण आता कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटं आणते. ते ताजं असतं, त्यात केमिकल नसतं.

सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" त्या दिवसापासून त्या चहा ओट्याशी उभ्यानंच पितात. नवरा म्हणतो, तू अती करतेस. मुलगा मित्राच्या वाढदिवसाला दोन वाट्या वेफर्स खाऊन आला हे कळल्यावर मी रडले. रात्री दोन-दोनला जाग येते आणि मी पुन्हा मोबाइलवर तेच शोधते. नणंदेनं ग्रुपवर टाकलं की 631 म्हणजे डुकराची चरबी. खरं काय? इतकी वर्षं मी मुलाला विष देत होते का? पुढच्या रविवारी त्याचा वाढदिवस आहे. केक आणू की नको?

चिंचवडची एक आई

*

प्रिय लेकी,

तू मावशी म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. सगळ्यात आधी तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं तुझ्या डोक्यात शिरणार नाही. नाही, तू मुलाला विष देत नव्हतीस. चार बिस्किटं आणि पंधरवड्यातून एकदा नूडल्स खाऊन दुसरीत गेलेल्या मुलाच्या आईनं रात्री दोनला उठून रडावं असं काहीही घडलेलं नाही.

पण तुझी भीती अगदीच बिनबुडाची आहे, असंही मी म्हणणार नाही. मी एकतीस वर्षं मुलींना अन्नशास्त्र शिकवलं. जे आम्ही वर्गात 'चालतं' म्हणून सांगत होतो, त्यातलं काही पुढे चालेनासं झालं. पाव छान फुगावा म्हणून मैद्यात पोटॅशियम ब्रोमेट घालायची परवानगी आपल्याकडे 2016 पर्यंत होती. त्या वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं पावांचे नमुने तपासून अहवाल काढला, आणि त्यानंतर महिनाभरात एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ब्रोमेट यादीतून काढून टाकलं. ट्रान्स फॅटचंही, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीचंही, तसंच झालं. वनस्पती तुपातून आणि बेकरीच्या मालातून ते वर्षानुवर्षं आपल्या पोटात गेलं, आणि तेला-तुपातलं त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम लागू झाला जानेवारी 2022 मध्ये. तेव्हा आई शंका घेते म्हणून तिला वेडी ठरवू नये. तुझ्या नवऱ्यालाही हे वाचायला दे.

शंका घे, पण ती योग्य जागी घे. सध्या तू साप साप म्हणून भुई धोपटते आहेस.

त्या आकड्यांचंच बघ. आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात घालायच्या वस्तूंना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. युरोपात त्यांच्यापुढे 'ई' लावतात. क्रमांक मिळाला म्हणून वस्तू वाईट होत नाही, तशी चांगलीही होत नाही. तुझ्या स्वयंपाकघरात जा आणि मांडणीच्या वरच्या फळीवर हात घाल. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व आहे ना? ते 330. खाण्याचा सोडा 500. व्हिनेगरमधलं आम्ल 260. हळदीचा पिवळा रंग 100. क जीवनसत्त्व 300. आइस्क्रीमच्या डब्यावर 412 दिसला की तुझ्या काळजात धस्स होत असेल, तर तो गवारीच्या बियांचा डिंक आहे. 414 हा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, बाळंतिणीच्या लाडवातल्या डिंकाचा सख्खा भाऊ. 322 म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. आपण रोज फोडणीत टाकतो तो हिंगही निव्वळ हिंग नसतो. डबी उलटी करून बघ, डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही, त्यांच्यासाठी ही डबी वाचणं फार गरजेचं आहे. बाकीच्यांनी खुशाल फोडणी करावी.

तू लिहिलेल्या तीन आकड्यांपैकी 211 म्हणजे सोडियम बेंझोएट. सॉसला आणि सरबताला बुरशी येऊ नये म्हणून ते घालतात. 319 तेल खवट होऊ देत नाही. दोन्हींवर किती घालायचं याची मर्यादा आहे, आणि वाटीभर सॉस रोज पिणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. राहिला 631. नणंदेला प्रेमानं सांग की ती चरबी नाही, कोणाचीच नाही. ते चव वाढवणारं एक क्षार आहे, जोडीला बहुधा 627 असतो. मांस-मासळीपासून ते करता येतं आणि स्टार्च किंवा साखर आंबवूनही करता येतं. आपल्या देशात पाकिटावर हिरवा ठिपका असेल, तर आतली वस्तू प्राण्यापासून आलेली चालत नाही, दूध-तूप, मध असं काही सोडून. हिरवा ठिपका पाहिलास की हा प्रश्न मिटला. ज्याला आपण अजिनोमोटो म्हणतो, त्या 621 चीही तीच गोष्ट. इकेडा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या कढणातून ती चव देणारा ग्लुटामेट वेगळा काढला. तोच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतो आणि मुरलेल्या चीजमध्येही असतो. मी स्वतः तो घरी वापरत नाही, कारण त्याच्या आधारानं बेचव गोष्टीही मुलं चवीनं खातात. पण नकळत पोटात गेला म्हणून मी घाबरतही नाही.

मग लक्ष ठेवण्यासारखे आकडे नाहीतच का? आहेत, पण ते मोजकेच. 102, 110, 122, 124 हे पिवळे, केशरी आणि लाल कृत्रिम रंग. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी 2007 मध्ये मुलांवर एक अभ्यास केला. काही रंग आणि सोडियम बेंझोएट असलेलं पेय दिल्यावर काही मुलांचा चुळबुळेपणा वाढलेला दिसला. परिणाम फार मोठा नव्हता, पण युरोपनं 2010 पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या एकाग्रतेबद्दलची सूचना छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे हे चार रंग ठरावीक प्रमाणात चालतात आणि तशी सूचना नसते. रंगानं मुलाचं पोषण काडीचंही होत नाही, तेव्हा तो टाळण्यात आपलं काही जात नाही. दुसरं, 220 ते 228 हे सल्फाइटचे आकडे. सुक्या जर्दाळूंत वगैरे असतात. घरात कोणाला दमा असेल तर तेवढे बघावेत, कारण काही दमेकऱ्यांना त्यांचा त्रास होतो. मुलाच्या अंगावर एखादी वस्तू खाल्ल्यावर पुन्हा पुन्हा गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर मोबाइल बाजूला ठेवून सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. तू असं काही लिहिलेलं नाहीस, म्हणून मी निश्चिंत आहे.

आता खरा मुद्दा. नियम असा आहे की घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. तुझी नजर यादीच्या शेपटीशी, आकड्यांवर खिळलेली असते. मुलाच्या पोटात जातं ते यादीचं डोकं. पहिली तीन नावं वाच. हे पत्र लिहिताना मी माझ्या मांडणीवरचा नाचणीच्या बिस्किटांचा पुडा समोर घेतला आहे. पुढच्या बाजूला नाचणीचं भरदार कणीस आणि शेतकऱ्याची टोपी. मागे बारीक अक्षरांत पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पामोलीन तेल. नाचणी सहाव्या क्रमांकावर, कंसात 6 टक्के. चित्रात एखादी वस्तू मिरवली की तिची टक्केवारी छापावी लागते, म्हणून हा कंस तरी आपल्याला मिळाला. पुड्यात शंभर ग्रॅम बिस्किटं धरलीस तर सहा ग्रॅम नाचणी, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा पीठ. भाकरीच्या उंड्यावर परथन म्हणून आपण त्याहून जास्त वापरतो.

साखर तर अनेक नावांनी येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. एकच वस्तू तीन-चार नावांत वाटली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि पहिल्या ओळीत साखर दिसतच नाही. म्हणून खालच्या तक्त्यात 'अॅडेड शुगर' समोरचा आकडा बघायचा आणि तो 100 ग्रॅमचाच बघायचा. 'पर सर्व्ह'च्या रकान्याला भुलू नको. तिथं सर्व्ह म्हणजे दोन बिस्किटं असतात, आणि दोन बिस्किटांवर थांबणारं मूल कुठं असतं?

आणि लेकी, ज्या डब्याला तू माफी दिलीस तोच डबा आधी उलटा कर. चॉकलेट पावडर. असल्या एका डब्यावर मी 100 ग्रॅमला 35 ग्रॅम वरून घातलेली साखर वाचली आहे. तुझ्या डब्यावरचा आकडा घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर. 35 धरून चालू. भरलेले दोन चमचे म्हणजे सुमारे 20 ग्रॅम पावडर, त्यात 7 ग्रॅम साखर. वर तू दुधात एक चमचा साखर घालत असशील, ती 5 ग्रॅम. झाले 12. सकाळ-संध्याकाळ मिळून 24. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2016 मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला वरच्या साखरेची मर्यादा 25 ग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणजे शाळेच्या दप्तराला हात लावायच्या आधी निम्मा आणि झोपायच्या आधी पूर्ण कोटा नुसत्या दुधातच संपला. डब्यावर जीवनसत्त्वं छापलेली असतात हे खरं, आणि ती त्यात असतातही. पण मूल ती पावडर जीवनसत्त्वांसाठी पीत नाही. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणावं असा आपल्या अन्नकायद्यात प्रकारच नाही, आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना ती त्या नावाच्या रकान्यातून काढायला सांगितली. डबा फेकू नको, आणखी एक फेकाफेक त्या घराला झेपणार नाही. पहिल्या आठवड्यात वरची साखर बंद कर. दुसऱ्यात पावडर दीड चमचा, मग एक, मग संध्याकाळचं दूध वेलची घालून. महिन्याभरात मुलाची जीभ बदलते. मी माझ्या नातवाच्या बाबतीत हे करून पाहिलं आहे.

मिठाचंही बघ. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्याला अडीचनं गुणायचं. 100 ग्रॅम नूडल्सला 1,100 मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं असेल, तर 70 ग्रॅमच्या पाकिटात 770, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, मुलांना त्याहून कमी. यातलं बरंचसं मीठ मसाल्याच्या पुडीत असतं. नूडल्स करायच्या त्या दिवशी अर्धी पुडी घाल, मूठभर मटार आणि किसलेलं गाजर घाल, वर लिंबू पिळ. मुलाला फरक कळणारही नाही.

तू विचारशील की आकडे एवढे वाईट नसतील, तर मग पाकिटातलं रोज खाल्लं तर बिघडलं कुठं? बिघडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे घरगुती पद्धतीचं. दोन्हीत साखर, मीठ, चरबी, चोथा सारखा वाढलेला, आणि हवं तेवढं खायची मोकळीक. अतिप्रक्रियेच्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी जवळजवळ एक किलोनं वाढलं. कारणं अजून शोधली जात आहेत. पण एक गोष्ट दिसली की ती माणसं भराभर खात होती. मऊ, चावावं न लागणारं अन्न पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आत घशाखाली जातं. दोन वाट्या वेफर्स पाच मिनिटांत जातात. दोन वाट्या भाजलेले फुटाणे खायला घे, पहिली वाटी संपतानाच जबडा दुखायला लागेल. पाकिटाचा खरा घात इथं आहे. ते भाकरीची जागा घेतं, आणि पोट भरलं असं कधी सांगतच नाही.

आता तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानाकडे येते. वाईट वाटून घेऊ नको, पण इथं तू आगीतून फुफाट्यात पडली आहेस. सुट्या फरसाणावर लेबल नसतं, एवढंच. त्यात काय घातलं हे दुकानदार सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. शेव कुठल्या तेलात तळली, ते तेल कितव्यांदा तापलं, पिवळा रंग हळदीचा की आणखी कशाचा? तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं साठत जातात. ती 25 टक्क्यांच्या वर गेली की तेल वापरायचं नाही असा नियम जुलै 2018 पासून आहे, पण कढईजवळ जाऊन ते मोजणार कोण? रंगाची गोष्ट तर त्याहून गंभीर. तमिळनाडूनं फेब्रुवारी 2024 मध्ये जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण तपासणीत ऱ्होडामाइन-बी सापडलं. तो कापड रंगवायचा रंग, खाण्यात त्याला कुठंच परवानगी नाही. असल्या गुलाबी कापसाच्या पिशवीवर आयएनएस क्रमांक सहसा छापलेला नसतो. सुटं सगळं वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या गल्लीतला चिवडेवाला तीस वर्षं डोळ्यांसमोर तळतो, त्याच्याकडून मी निर्धास्त घेते. तूही एकदा दुपारी दुकानाच्या मागं डोकाव. तेल काळं आणि दाट दिसलं, शेव खाल्ल्यावर घसा खवखवला, बोटांना पिवळा रंग लागून साबणानंही लवकर निघाला नाही, तर दुकान बदल. आणि ठळक रंगाचं, विनापावतीचं काही संशयास्पद आढळलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

घरचं आहे म्हणून डोळे मिटून खावं असंही नाही, हेही सांगायला हवं. पापडात पापडखार आणि मीठ भरपूर असतं, लोणचं तर मिठावरच टिकतं. घरच्या शंकरपाळ्यांतही मैदा आणि साखर हीच पहिली नावं असतात. सणाला करतो तेव्हा ते शोभतं. डब्यात रोज शंकरपाळे दिले, तर ते बिस्किटंच झाले.

तुझ्या मुलाबद्दल. दोन वाट्या वेफर्स त्यानं का खाल्ले, तर घरात सगळं एकाएकी बंद झालं म्हणून. माझी मुलगी चौथीत असताना मीही असंच केलं होतं. घरात वेफर्स नाहीत म्हणजे नाहीत. वर्षभर मी समाधानात होते. एके दिवशी तिच्या पेटीचा सूर बसेना म्हणून हार्मोनियमचं खोकं आवरायला घेतलं, तर भात्यामागच्या फटीत चपट्या घड्या घातलेली चकचकीत पाकिटं. सत्तावीस. मी ती मोजत जमिनीवर बसले. पाकिटांचं दुःख नव्हतं मला. चौथीतल्या पोरीनं वर्षभर एकटीनं, घाईघाईनं, मी येईन या धास्तीत खाल्लं होतं, ते मला लागलं. त्या संध्याकाळी मी तिला रागावले नाही. शनिवार हा वेफर्सचा वार ठरला. वाटीत काढायचे, सगळ्यांनी बसून खायचे. तूही एक वार ठरव.

आणि मुलाला दुकानात बरोबर ने. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पूर्ण होतो, मराठीची सक्ती नाही. त्यामुळे घरात लेबल वाचणारी तू एकटीच, आणि वाचणारी एकटी असली की तीच पोलीस होते. दुसरीतल्या मुलाला 'शुगर' हा शब्द वाचता येतो. त्याला काम दे, शुगर कितव्या नंबरावर आहे ते शोध. पहिल्या तिनात असेल तर ती वस्तू शनिवारची. त्याचा नियम त्यानंच लावला की तो तुझ्याशी भांडणार नाही, दुकानदाराशी भांडेल.

आता सासूबाई. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे वाचले, दुसऱ्यांदा एका वाक्यावर अडकले. त्या चहा ओट्याशी उभ्यानं पितात. साठ-सत्तरीच्या बाईचा दुपारचा चहा म्हणजे दिवसातली तिची स्वतःची दहा मिनिटं. टेबलाशी बसून, टोस्ट बुडवून. तू टोस्ट कचऱ्यात टाकलास तेव्हा त्यांना ऐकू आलं की तुमच्या हातचं खाऊन माझ्या नवऱ्याचं नुकसान झालं. तू तसं म्हणाली नाहीस, मला माहीत आहे. त्यांना मात्र तसंच ऐकू आलं, म्हणूनच तर त्या म्हणाल्या, आम्ही काय मुलं वाढवली नाहीत.

आज ऑफिसातून येताना टोस्टचा पुडा घेऊन जा. त्यांच्या नेहमीच्या बेकरीचा. शब्द फार लागत नाहीत. "आई, त्या दिवशी माझं चुकलं, तुम्हाला न विचारता टाकलं," एवढं म्हण आणि दोन कप चहा टेबलावर ठेव. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर किती खायचा ते डॉक्टर सांगतील. ती बातमी सुनेनं कचऱ्याच्या डब्यातून द्यायची नसते.

मग दोन दिवसांनी, खरी गरज म्हणून, त्यांच्याकडे भाजणी माग. तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्यांच्या हातात आहे, आणि तू ते मोबाइलमध्ये शोधते आहेस. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे. कोणतं धान्य किती भाजायचं, कुठल्या वासावर कढई उतरवायची, हे त्यांना विचार आणि वहीत लिहून घे. चार किलो भाजणी दळून आणली की महिनाभर सकाळची चिंता मिटते. कांदा, कोथिंबीर घालून थालीपीठ दहा मिनिटांत होतं आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतं. ऑफिसच्या तीन दिवशी डबा त्यांनी भरायचा का, हे त्यांनाच विचार. बहुतेक हो म्हणतील. उरलेल्या पोळीचा गूळ-तुपाचा लाडू, फोडणीची पोळी, उकडलेल्या शेंगा, राजगिऱ्याचा लाडू, केळं. यातलं काहीही करायला पहाटे चारला उठावं लागत नाही. एखाद्या दिवशी जमलं नाही तर दे पाव-जॅम, त्यानं आभाळ कोसळत नाही.

तुझ्या रात्रीच्या जागरणाबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. मोबाइल रात्री दहानंतर दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. ते व्हिडिओ पाहणारी बाई घाबरली की पुढचा व्हिडिओ पाहते, त्यांचं चालतं ते त्यावर. जे चॅनल भीती दाखवून शेवटी स्वतःचीच पावडर विकतात, ते आजच बंद कर. दोन-तीन आठवडे असं करूनही जाग येत राहिली, दुकानात हात थरथरले, मुलानं बाहेर काही खाल्लं की छाती धडधडली, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट. ही चिंतेची लक्षणं आहेत, त्यांवर उपचार आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवऱ्याला बरोबर घेऊन जा. "अती करतेस" म्हणण्यापेक्षा त्यानं सोबत यावं, हे माझ्या वतीनं त्याला सांग. आणि महिन्याचं वाणसामान आणायचं काम निम्मं त्याच्याकडे दे. पाकीट उलटं करता त्यालाही येतं.

राहिला रविवारचा केक. आण. गडद निळ्या-हिरव्या क्रीमचा आणि जीभ रंगवणारा नको, साधा चॉकलेटचा किंवा व्हॅनिलाचा घे. अर्धा किलो दहा मुलांना पुरतो. सोबत सासूबाईंना दडपे पोहे करायला सांग, मुलं केकच्या आधी भुकेनं ते फस्त करतात हे मी पाहिलं आहे. मेणबत्त्या विझल्यावर तूही एक तुकडा खा, सगळ्यांसमोर, बसून. उरलेला केक फ्रीजमध्ये साठवून सोमवारच्या डब्यात घालू नकोस. रविवारी रात्रीच शेजाऱ्यांकडे वाटून टाक.

तुझी,
मावशी